मीठ, साखर आणि काही हट्टी गैरसमज

जुलाब लागले की मीठ-साखर-पाणी पाजायचं, हे आपल्याकडे इतकं घरचं झालं आहे की त्यामागे कुणी संशोधक राबले असतील असं वाटतच नाही. आजीच्या बटव्यातलीच ती चीज, अशी समजूत असते. प्रत्यक्षात कित्येक घरांत नेमकं उलटं चालायचं: मूल ढाळतंय ना, मग पाणी बंद. डॉक्टरमंडळीही फार वेगळी नव्हती. कॉलऱ्यावर शिरेतून सलाइन हाच खात्रीचा इलाज मानला जाई, आणि ते बहुतेक गरिबांच्या आवाक्याबाहेर होतं.

साखर आणि मिठातलं सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीनं शिरतात आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. मात्र प्रमाण चुकलं तर उपाय अंगाशी येतो, म्हणून मोजमाप महत्त्वाचं. 1968 साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ते मोजमाप रुग्णाच्या खाटेशी बसून केलं. ती खाटही खास होती. कॅनव्हासची, मधोमध भोक, खाली बादली. बादलीत किती पडलं ते पाहायचं आणि तेवढंच द्रावण तोंडावाटे परत द्यायचं. सलाइनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटली. प्रयोगशाळा या शब्दानं पांढरे कोट आणि काचेच्या नळ्याच डोळ्यांसमोर येत असतील, तर ही बादलीही आठवायला हवी.

इस्पितळात जमलं, पण ते छावणीत कसं जमणार, हा पुढचा आक्षेप. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावला कॉलरा पसरला. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले, तेव्हा रुग्ण जमिनीवर पडले होते आणि सलाइन संपत आलं होतं. त्यांनी 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं लिटरभर पाण्याचं प्रमाण ठरवलं. कोलकात्यात त्याची पाकिटं भरली जात आणि छावणीत पिंपांत द्रावण कालवलं जाई. नातेवाइकांनी पेले भरभरून आपापल्या माणसाला पाजायचं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरातून 3.6 टक्क्यांवर आलं. तज्ज्ञांना हे पटायला वेळ लागला आणि शोधनिबंध छापून यायला 1973 उजाडलं. पद्मविभूषण तर 2023 साली, मरणोत्तर.

‘अडाणी आयांना प्रमाण कळणार नाही’, हा गैरसमज शिकलेल्यांचा. ब्रॅक या बांगलादेशी संस्थेनं 1980 ते 1990 या काळात घरोघरी बायका पाठवून सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांना हे द्रावण शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारीचा मोबदला आईच्या उत्तरांवर ठरे. आईला जेवढं लक्षात राहिलं, तेवढे पैसे. आयांना सगळं पाठ झालं, पण वापर मात्र फारसा होईना. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. त्या स्वतः जुलाबावर गोळ्या घेत! आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मग प्रशिक्षण बदललं. बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं, आणि आईला करून दाखवण्याऐवजी तिच्याच हातून द्रावण करवून घेतलं जाऊ लागलं.

आयांची एक तक्रार मात्र खरी होती आणि ती आजही ऐकू येते: ‘पाजलं तरी जुलाब थांबले नाहीत.’ ते थांबणारच नसतात. जलसंजीवनी, म्हणजे हे मीठ-साखरेचं द्रावण (ओआरएस), शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढते, आणि जीव वाचतो तो त्यामुळे. मुलांना सोबत 10 ते 14 दिवस झिंक द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची 2004 पासूनची शिफारस आहे.

हे सगळं आता जुनं झालं, असं वाटत असेल तर भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (2019-21) आकडा पाहावा. जुलाब झालेल्या मुलांपैकी जवळपास 61 टक्क्यांनाच ओआरएस मिळालं. बाकीच्यांना का नाही? दुकानात पाकीट नसेल, किंवा अँटिबायोटिक लिहिण्यात डॉक्टरचा फायदा असेल, ही नेहमीची उत्तरं. झॅकरी वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी आरोग्यसेवकांवर ती तपासली. प्रशिक्षित माणसं आजारी मुलाचे पालक बनून दवाखान्यांत गेली. निम्म्या ठिकाणी ओआरएसचा साठा पुरवला, पण त्यानं किरकोळ फरक पडला. आर्थिक फायद्याचा मुद्दा काढून टाकला तरी ओआरएस लिहून देण्याची सरासरी फारशी हलली नाही. पालकानं ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवून ‘हे चालेल का?’ असं सुचवलं, तेव्हा मात्र ते लिहून देण्याचं प्रमाण 27 टक्के बिंदूंनी वाढलं. पालकांना ओआरएस नको असतं, असं डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पालकांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांना तेच हवं होतं.