लाल रेघ आणि घरचा वाचक

गेल्या पावसाळ्यात आमच्या नागावच्या घरी घडलेला एक लहानसा प्रसंग वाचकांस सांगावासा वाटतो. माझ्या धाकट्या पुतण्याने एका पेढीत नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि संगणकावरून छापून तो माझ्यापुढे ठेवला. "काका, यंत्राने तपासला आहे. एकही लाल रेघ नाही," असे तो मोठ्या विश्वासाने म्हणाला. मी आरंभीचे संबोधन वाचले मात्र, आणि मला हसू आवरेना. 'मॅनेजर' या शब्दातील दुसरा 'ए' गळाला होता. आणि उरलेली अक्षरे मिळून इंग्रजीतील एक सर्वस्वी निर्दोष नाम तयार झाले होते. त्याचा अर्थ गुरांची गव्हाण! चिरंजीवांनी पेढीच्या व्यवस्थापकांस 'सन्माननीय गव्हाण' असे संबोधिले होते. हाच मजकूर त्यापूर्वी दोन ठिकाणी रवाना झाला होता व कोठूनही उत्तर आले नव्हते. उत्तर न येण्याचे कारण हेच, असे मी म्हणत नाही. परंतु मुलाचा चेहरा पार उतरला.

यात यंत्राचा दोष कोणता? त्याच्या कामाची रीत समजून घेतली म्हणजे कोणताच नाही, असे दिसून येईल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे १९७१ साली राल्फ गोरिन यांनी शब्दतपासणीची एक आज्ञावली रचली. तिची मूळ युक्ती साधी होती: शब्दांची एक यादी बाळगावयाची, लिहिलेला शब्द तीत आढळला तर गप्प बसावयाचे, न आढळला तर बोट दाखवावयाचे. त्याआधी १९६४ साली फ्रेडरिक डॅमेरौ यांनी अशा चुकांची छाननी केली होती. शेकडा ८० हून अधिक चुका चारच प्रकारांत मोडतात, असे त्यांना आढळले: एक अक्षर गळणे, एक जास्त पडणे, एकाऐवजी दुसरे येणे, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. अशी एक दुरुस्ती करून पाहिली की बहुधा योग्य शब्द हाती लागतो. परंतु गोम अशी की, त्याच एका अक्षराच्या घसरगुंडीने कधी कधी दुसरा खराखुरा शब्द जन्मास येतो; मग यादी पाहणारा पहारेकरी त्यास सलाम करून आत सोडतो. हल्लीच्या आज्ञावली आजूबाजूचे शब्दही पाहतात आणि अशा कित्येक चुका पकडतात. तथापि सर्वच पकडतील असा भरवसा नाही.

मराठीत तर ऱ्हस्वदीर्घाचा एक फरक पुरतो. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे मस्तक, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. लग्नपत्रिकेत 'मंगल दिन' या ठिकाणी 'मंगल दीन' छापले गेले तरी यादी पाहणाऱ्या यंत्राची हरकत नसते. शिवाय आपल्या भाषेत एका 'घर' शब्दापासून घरात, घरातून, घरापुढच्या अशी कितीतरी रूपे होतात. ती सारी यादीत कशी मावावीत? अशीच अडचण हंगेरीच्या भाषेसही आहे. तिच्यासाठी तयार झालेल्या 'हनस्पेल' या प्रणालीत मूळ शब्द एकीकडे व प्रत्ययांचे नियम दुसरीकडे ठेवितात. मराठीची तपासणीही त्याच साच्यावर बेतलेली आहे.

आमच्या गावाला लागूनच आक्षी आहे. तेथील शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो, डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला आहे. त्यात 'श्री' हे 'स्री' असे, 'पश्चिम' हे 'पसीम' असे, तर 'महालक्ष्मी' ही 'महालषुमी' अशी कोरलेली आहे. हा लेख आजच्या यंत्रापुढे ठेवला तर लाल रेघांनी भरून जाईल! पण कोणता राजा, कोणती देवी, याविषयी वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. आमच्या माळ्यावरील जुन्या मासिकांतील 'नाहीं' आणि 'कांहीं' यांचीही तीच गत. कारण उच्चारात नसलेले ते अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. पुढे १९७२ साली चार नियमांची भर पडून ते १८ झाले. नियम पाळावेत, यात शंका नाही. सर्वांनी एकसारखे लिहिले म्हणजे वाचणाऱ्याचे श्रम वाचतात. परंतु रेघ नाही म्हणजे अर्थ बरोबर आहे, असे मात्र कोणी समजू नये. शिलालेखात नियम मोडूनही अर्थ शाबूत राहिला. आमच्या अर्जात नियम पाळूनही अर्थ बुडाला.

मग उपाय कोणता? यंत्र टाकून द्यावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. गळालेली मात्रा ते आपल्यापेक्षा लवकर पाहते. पण त्यानंतर कागद घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावा व त्याने तो सावकाश, मोठ्याने वाचावा. लिहिणारा स्वतः वाचू लागला की कागदावरचे नव्हे, मनातलेच वाचतो. एकत्र कुटुंबात असा वाचक शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्या शब्दांत आपण वारंवार घसरतो, त्यांची एक छोटी यादीही जवळ असावी.

पुतण्याने तिसरा अर्ज लिहिला, तेव्हा गव्हाण गेली होती. लाल रेघ याही वेळी नव्हतीच. या खेपेस तो त्याच्या धाकट्या बहिणीने वाचावयास घेतला. पूर्वीच्या कामाची रोज नोंदवही ठेवीत असे, असे तेथे लिहावयाचे होते. त्या वाक्याशी ती थांबली, पुन्हा एकदा अक्षरे पाहिली आणि म्हणाली, "दादा, तू डायरी ठेवीत होतास, की दुधाची डेअरी चालवीत होतास?" दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. ती दुरुस्त करून मगच अर्ज टपालात पडला.