गेले म्हणजे कुठं गेले?

"भाऊ, सम्दा फोटू गयात!"

काउंटरपलीकडच्या माणसानं मानही वर केली नाही. "गयात म्हंजे? कोठे गयात?"

धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका बोळातलं दुकान. पुढं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर, मागं एक जुनाट कॉम्प्युटर, वर गरम हवा ढवळत बसलेला पंखा. मे महिन्यातली दुपार. माझा मावसभाऊ घामाघूम होऊन उभा होता आणि त्याच्या तळहातावर टपाल तिकिटाएवढं कॅमेऱ्याचं कार्ड होतं. आदल्या रात्री हळदीचे तीनेकशे फोटो त्यानं काढले होते. ते लॅपटॉपवर उतरवले आहेत अशा समजुतीनं सकाळी कार्ड फॉरमॅट केलं आणि त्याच कार्डावर वरातीचे चाळीस फोटो काढून झाल्यावर लॅपटॉप उघडला. हळदीचं फोल्डर रिकामं.

मालकानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे कार्डाच्या कडेची छोटी कळ खाली सरकवून लिहायला बंदी घातली. दुसरी गोष्ट म्हणजे मावसभावाला बसायला स्टूल दिलं. मग तो त्याच्या कामाला लागला आणि मी त्याच्या प्रश्नाला. गेले म्हणजे कुठं गेले?

साधा हिशोब करून बघा. बत्तीस जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात दोन-तीन सेकंदांत फॉरमॅट होतं. सेकंदाला तीस एमबी वेगानं लिहिणाऱ्या कार्डाला प्रत्येक जागा खरोखर पुसून काढायची म्हटली, तर अठराएक मिनिटं लागतील. मग तीन सेकंदांत कॅमेऱ्यानं पुसलं काय? बहुतेक कॅमेरे फक्त यादी पुसतात.

धुळेकरांना हे समजावणं सोपं आहे. या शहराचा पत्ता म्हणजे गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा. बत्तीस जीबीच्या कार्डावर अशा साधारण दहा लाख खोल्या असतात, प्रत्येक खोली बत्तीस केबीची. आठ एमबीचा एक फोटो अडीचशेच्या आसपास खोल्या अडवतो. कोणता फोटो कोणत्या खोलीपासून सुरू होतो आणि पुढं कोणकोणत्या खोल्यांत जातो, याची नोंदवही कार्डाच्या सुरुवातीला असते. फोटो डिलीट केला की त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथं एक ठराविक खूण टाकली जाते आणि त्याच्या खोल्यांपुढं 'रिकामी' असं लिहिलं जातं. फॉरमॅट केलं की नोंदवहीच नवी येते. पण खोल्यांत राहणारी माणसं उठून गेलेली नसतात. नवा भाडेकरू येईपर्यंत ती तिथंच बसून असतात. म्हणून अशा वेळी पहिला आणि शेवटचा नियम एकच: कार्ड काढून घ्या, त्यावर आणखी एकही फोटो काढू नका. मावसभावानं चाळीस काढले होते. हळदीचे पहिले चाळीसेक फोटो त्या खोल्यांतून कायमचे उठले. ते जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत येणार नव्हते.

उरलेले कसे शोधायचे? नोंदवही नाही, नावं नाहीत, फक्त दहा लाख खोल्या. याच शहराशी नाव जोडलेल्या एका माणसानं असं काम वेगळ्या वस्तूंवर केलं होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथं आहे. वाड्यांच्या माळ्यांवर, वाळवी लागलेल्या रुमालांत बांधलेले मोडी कागद धुंडाळत ते गावोगाव हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड उभे राहिले. त्या रुमालांना कुठली आली अनुक्रमणिका! पण जुन्या पत्राला एक बांधा असतो. माथ्यावर 'श्री', शेवटी 'हे विनंती', आणि सरकारी कागद असला तर अखेरीस मोर्तब. म्हणजे मजकूर इथं संपला, यापुढं कोणी काही घुसडू नये. ढिगातून पत्र वेगळं काढायला ही डोकं-शेपटीची ओळख मोठी कामाची.

जेपेग फोटोलाही असा बांधा असतो. माथ्यावर संगणकाच्या सोळाच्या गणतीत 'एफएफ-डी८', शेवटी 'एफएफ-डी९'. त्याचं श्री आणि त्याचं मोर्तब. दुकानदारानं चालवलेला प्रोग्रॅम होता फोटोरेक, क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचा, फुकट मिळणारा आणि दिसायला अगदीच ओबडधोबड. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. नोंदवहीकडं तो ढुंकून पाहत नाही. खोलीमागून खोली उघडतो, दारात 'श्री' दिसलं की पुढचं वाचत जातो आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. मूळ कार्डावर तो काहीही लिहीत नाही. मूळ नावं अर्थातच परत येत नाहीत, 'एफ' अक्षरापुढं लांबलचक आकडा अशी नवी नावं मिळतात. मात्र फोटोची तारीख-वेळ फोटोच्याच पोटात लिहिलेली असते, त्यामुळे हळद आणि वरात यांची गल्लत होत नाही. इथं राजवाड्यांपेक्षा आपण नशीबवान. त्यांच्या कित्येक पत्रांवर महिना आणि चंद्र असे, वर्षच नसे, आणि ते मजकुरावरून ताडत बसावं लागे.

पडद्यावरचा आकडा वाढत होता. पन्नास, ऐंशी, एकशे चाळीस. मावसभावाच्या चेहऱ्यावर रंग परतत होता. मालकानं तेव्हा एक फोटो उघडला आणि 'हं' म्हणाला.

आजीचा फोटो होता. कपाळावरचं कुंकू, मिश्कील डोळे, गालाला कोणीतरी फासलेली हळद, सगळं लख्ख. हनुवटीच्या खाली मात्र एक पट्टा गुलाबीसर, त्यात कुणाच्या तरी पैठणीचे तुकडे भलत्याच जागी, आणि त्याखाली सपाट राखाडी.

हे असं का होतं, यात या विषयातली सगळी गंमत आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

कॅमेरा चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातले चौसष्ट आकडे तसेच न ठेवता तो त्यांचं एका गणिती रीतीनं रूपांतर करतो. एक आकडा चौकोनाच्या सरासरी उजेडाचा, बाकीचे त्यातल्या चढउतारांचे. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीच्या पानाचा सपाट हिरवा भाग असेल, तर सरासरी आणि वर दोन-चार आकडे पुरतात. जरीच्या काठाला जास्त लागतात. डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार टाकून दिले की फोटो दहापट लहान होतो. या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बंगळूरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना ते सुचलं. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी पैसे मागितले आणि मिळाले नाहीत. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि १९९२ साली जेपेगचं मानक आलं तेव्हा त्याच्या गाभ्यात हेच गणित होतं. लग्नाच्या प्रत्येक अल्बमात तीन भारतीय नावं अशी लपून बसलेली असतात.

आता घोळ कुठं होतो ते पाहा. हे आकडे लिहिताना जागा वाचावी म्हणून वारंवार येणाऱ्या आकड्याला छोटी खूण आणि क्वचित येणाऱ्याला लांब खूण दिली जाते. डेव्हिड हफमननं १९५२ साली ही युक्ती मांडली. दोन खुणांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. मोडी वाचणाऱ्यांना हे चटकन कळेल: ओळ आखायची आणि शब्द न तोडता लिहीत सुटायचं. वाचणारा एका अक्षराला चुकला की पुढचे शब्द भलतीकडेच तुटतात. त्यातून कॅमेरा आणखी एक काटकसर करतो. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड पूर्ण न लिहिता 'मागच्यापेक्षा इतका कमी, इतका जास्त' एवढंच लिहितो. मागचा चुकला की पुढचे सगळे त्याच्या चुकीवर उभे राहतात. गुलाबी पट्टा त्यातूनच येतो. काही कॅमेरे वाटेत ठराविक अंतरावर मैलाचे दगड पेरतात, म्हणजे चुकलेला वाचक तिथून पुन्हा नीट सुरू करू शकतो. आमच्या कॅमेऱ्यात ती सोय नव्हती.

आजीच्या फोटोची दुसरी अडचण मावसभावानं स्वतःच ओढवून घेतली होती. हळदीचे फोटो काढता काढता त्यानं मधलेमधले हललेले फोटो उडवले होते. त्या सुट्या पडलेल्या खोल्यांत आजीचा फोटो दोन तुकड्यांत बसला. फोटोरेकला डोकं सापडलं, तो सरळ शेजारच्या खोलीत गेला, आणि तिथं आजी नव्हती, दुसऱ्याच बाईची पैठणी होती. ओळीनं लिहिलेलं कार्ड परत मिळवणं सोपं जातं, मधूनमधून डिलीट करत वापरलेलं अवघड जातं. फोटोग्राफरांनी निदान लग्नात तरी ही सवय सोडावी.

इथं मला चाळीसगावचे केकी मूस आठवतात. १९१२ ते १९८९ या आयुष्यातला बराच मोठा काळ या अवलियानं चाळीसगावच्या घरात स्वतःला कोंडून घेऊन छायाचित्रं काढली. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून देखावे उभे करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रं नावाजलेली आहेत. फिल्मच्या निगेटिव्हवर बुरशी चढली, तर जिथं चढली तिथं ठिपका पडतो. बाकीचं चित्र आपल्या जागी राहतं. दाबून घट्ट भरलेल्या डिजिटल फोटोत एक बिट फिरला तर खालची सगळी ओळ कोसळते. कमी जागेत जास्त भरण्याची ही किंमत आहे, आणि ती आपण हसत मोजतो कारण बहुतेक वेळा बिल येतच नाही.

फोटोचं डोकंच गेलं असेल, तर आणखी एक नामी उपाय असतो. चित्र उलगडायची कोष्टकं त्या डोक्यात असतात आणि एका कॅमेऱ्याच्या, एका मापाच्या फोटोंची कोष्टकं बहुधा सारखीच असतात. मग धडधाकट फोटोचं डोकं कापून बिनडोक्याच्या धडाला लावायचं. गणपतीच्या देशात यावर अधिक बोलायला नको. काहीच जमलं नाही तर फोटोच्या पोटात एकशे साठ बाय एकशे वीस ठिपक्यांचं चिमुकलं चित्र असतं, तेवढं तरी वाचतं. यादीत फोटो दिसतो पण उघडत नाही, असं होतं तेव्हा तुम्हाला दिसत असतं ते हेच. आणि हल्ली एआयनं 'दुरुस्त' करून देणारे भेटतात. त्यांचं काम सुबक असतं, पण राखाडी जागी ते जी हनुवटी काढतात ती आजीची नसते.

हे सगळं कार्डापुरतं. मोबाइलच्या आतल्या साठ्यातून फोटो गेला तर कथा फार लवकर संपते. अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमधला साठा कुलूपबंदच असतो, आयफोनमध्ये तर प्रत्येक फाइलला स्वतःची किल्ली असते. डिलीट झालं की किल्ली फेकली जाते. मग खोलीत माणूस बसलेला असला काय आणि नसला काय! परत मिळवून देतो म्हणणारी बरीच ॲप इकडं-तिकडं उरलेली छोटी चित्रं गोळा करून दाखवतात. त्यांच्याआधी ट्रॅश उघडा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो तिथं साठ दिवस राहतो, आयफोनमध्ये तीस.

कार्डाला मरणही असतं. आत प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू झिरपतात आणि उष्णतेनं लवकर झिरपतात. लिहून-लिहून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीनं वीज नसताना तीस अंशांवर एक वर्ष माहिती सांभाळली तरी ती मानकाला उतरते. जळगाव-भुसावळकडच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात 'जपून' ठेवलेल्या पेनड्राइव्हचा विचार ज्यानं त्यानं करावा. बाजारात आकडा फुगवून विकली जाणारी 'एक टीबी'ची कार्डं हा आणखी एक प्रकार. आत बत्तीस जीबीच असतं. तेवढं भरलं की पुढचे फोटो मागच्यांच्या डोक्यावर बसतात.

भुसावळचं नाव निघालंच आहे तर तिथल्या एका थडग्याचं सांगतो. इंग्रज अधिकारी मेजर रॉबर्ट गिल. पारू या स्थानिक मुलीबरोबरची त्याची प्रेमकथा खानदेशात सगळ्यांना ठाऊक असते, त्याच्या कामाबद्दल कमी बोललं जातं. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं विरत चालली होती, म्हणून १८४० च्या दशकात त्याला त्यांच्या नकला करायला पाठवलं. वर्षानुवर्षं खपून केलेले मोठमोठे कॅनव्हास लंडनला गेले, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र टांगले गेले आणि १८६६ च्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडून सगळे जळाले. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ पासून बरीच वर्षं त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही शंभरावर गेल्या. दोन्ही वेळा पाठवणाऱ्यांना वाटलं, आता सुरक्षित आहेत. गिलनं मात्र पहिल्या आगीआधीच कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या जोडछायाचित्रांचं पुस्तक १८६४ साली निघालं, त्याच्या प्रती घरोघर पांगल्या, आणि त्यातलं बरंच आजही पाहायला मिळतं.

आमच्या कार्डावरून वरातीचे धरून दोनशे चौऱ्याऐंशी फोटो निघाले, त्यातले वीसेक अर्धवट. मालकानं जेवढे सांगितले तेवढे पैसे मावसभावानं घासाघीस न करता दिले. हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडलं असावं. गेलेल्या चाळीसांपैकी काही फोटो नंतर मामेबहिणीच्या फोनमधून फॅमिली ग्रुपवर आले, कॅमेऱ्यापुढं अगदीच पुसट, पण आले.

आजीचा तो अर्धा फोटो मी तसाच मोठा करून आणला. राखाडीही कापली नाही. आजीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "आनि मना पाय कोठे गयात?"