पाडायची की सावरायची?

मुंबईत काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं इथेच दाखवली गेली. इमारतीचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, इंग्लंडमध्ये घडवून बोटीने आणलेला. भार पेलतात ते खांब आणि तुळया; विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. त्यामुळे भिंतीला तडा गेला म्हणून इमारत गेली असं होत नाही, आणि गिलावा धड दिसतो म्हणून ती शाबूत आहे असंही नाही. ओतीव लोखंड दाब झकास सोसतं, पण वाकून सूचना देत नाही, थेट तुटतं. वर्षानुवर्षांची गळती, सांध्यांतला गंज, भाडेकरूंनी चढवलेले पोटमाळे हे सगळं तपासावं लागतं.

2005मध्ये तिचा काही भाग कोसळला. 2019मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली. उच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी मात्र दुरुस्ती शक्य असल्याचं सांगितलं. तज्ज्ञ दोन्हीकडे होते! माझ्या मते खरी मेख खर्चात आहे: तुटपुंजं भाडं घेणारा मालक दुरुस्तीचे पैसे आणणार कुठून?