एकटा बोकड तोट्याचा

बकरी ईद झाली की आठ-पंधरा दिवसांतच बारामती आणि इंदापूरच्या मोहल्ल्यांत पुढल्या वर्षाच्या बोकडाची बोलणी सुरू होतात. टेलर, बागवान, मणियार, तांबोळी, गॅरेजवाले असे आपापला धंदा सांभाळून घरामागे एखादे जनावर पाळणारे बांधव या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ आहेत. चार-पाच महिन्यांचे करडू घ्यायचे, दारात बांधायचे, वर्षभर खाऊ घालायचे आणि ईदला घरची कुर्बानी करायची किंवा चांगला भाव आला तर विकायचे, असा साधा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. पण करडू एकच घेतले जाते आणि तिथेच तोट्याला सुरुवात होते.

शेळी हे कळपात राहणारे जनावर आहे. कळपातून काढून आणलेले करडू एकटे बांधले की ते दिवसभर ओरडते, दावे ओढते, गव्हाणीत तोंड घालीत नाही. आपण समजतो आजारी पडले. मग डॉक्टर, इंजेक्शन, टॉनिक. वास्तविक त्याला सोबत हवी असते. दोन करडे एका जागी असली की चढाओढीने खातात, दुपारी शेजारी बसून रवंथ करतात आणि वजन धरतात. शिवाय लहानपणापासून माणसांतच एकटा वाढलेला बोकड मोठेपणी माणसालाच आपला प्रतिस्पर्धी समजतो. पोरांना टक्कर देणारे बोकड बहुधा असेच वाढलेले असतात. लाडाने हाताशी खेळवलेले करडू दहा महिन्यांनी अंगावर का येते, याचे नवल वाटायला नको.

सोबत कुणाची, हा मात्र विचार करण्याचा प्रश्न आहे. वाटेल ते जनावर शेजारी बांधून चालत नाही. याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एक बोकड घरी वाढत असताना ईदच्या दोन महिने आधी स्वस्तात मिळतो म्हणून दुसरा आणला. दोघांनाही एकाच पत्र्याखाली सोडले. रात्री धडाधड आवाज येत राहिले, पण आम्ही उठलो नाही. सकाळी नव्या बोकडाचे एक शिंग मुळापासून निखळलेले आणि तोंड रक्ताने माखलेले. हनफी मसलकाप्रमाणे टोक तुटलेल्या शिंगाला हरकत नाही, पण मूळच उखडले असेल तर ते जनावर कुर्बानीला चालत नाही. चालता न येण्याइतके लंगडे, आंधळे किंवा कान बराचसा कापला गेलेले जनावरही नाही. म्हणजे वर्षभराच्या खुराकाला एका रात्रीत खाटकाचा भाव आला. गिऱ्हाईक आधी शिंग बघते, मग दात बघते, वजन त्यानंतर.

तेव्हापासून आम्ही नियम केला आहे की कुर्बानीसाठी घ्यायचे तर दोन करडे एकाच दिवशी, एकाच मापाची आणि जमल्यास एकाच कळपातली घ्यायची. जुळी मिळाली तर फारच उत्तम. आपल्याकडील उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नेहमीचेच. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीचे नाव तेच राहिले.) नवा बोकड आणावाच लागला तर पहिले तीन आठवडे तो वेगळ्या जागी ठेवावा, म्हणजे आजार असेल तर बाहेर पडेल. मग काही दिवस मधे जाळी ठेवून दोघांना एकमेकांचा वास घेऊ द्यावा. एकत्र सोडायचे ते दिवसा, मोकळ्या जागेत आणि आपण समोर असताना. खुराकाची भांडी दोन आणि लांब लांब. कोपऱ्यात सापडलेला बोकडच जास्त मार खातो.

कुर्बानीच्या बोकडाला सर्वांत चांगली सोबत खस्सीची, असे आमचे मत आहे. खच्ची केलेला बोकड शांत राहतो, चरबी धरतो, त्याच्या मटणाला उग्र वास येत नाही आणि त्याची कुर्बानी जायज आहे. दोन्ही खस्सी असतील तर भांडणाचा प्रश्नच बहुतेक मिटतो. मात्र फार कोवळ्या वयात खच्ची करण्याची घाई करू नये. त्याने मूत्रनलिका अरुंद राहते आणि पुढे मुतखड्याचा धोका वाढतो. करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने करून घ्यावे.

मुतखड्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागापुरते सांगितले पाहिजे. हा ऊसपट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे मुबलक मिळते आणि बोकडापुढे सकाळ-संध्याकाळ तेच पडते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला चुना ओढून घेते. त्यात ईद जवळ आली म्हणून मका, गहू, भुसा यांचा मारा सुरू होतो. त्यातून स्फुरद वाढते आणि खडा तयार होतो. बोकड पाठ वाकवून कण्हतो, थेंबथेंब लघवी करतो आणि वेळेवर इलाज न झाल्यास दगावतो. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, लसूणघास किंवा सुबाभळीचा पाला जोडीला द्यावा, मिठाची वीट टांगावी आणि पाणी स्वच्छ ठेवावे. बोकड घाण पाण्याला तोंड लावीत नाही, तहानेला राहतो.

आता शेळ्यांच्या सोबतीविषयी. कुर्बानीचा, खच्ची न केलेला बोकड शेळ्यांत ठेवणे म्हणजे खुराक गटारात ओतणे. मस्तीत आलेला बोकड खाणे सोडतो, स्वतःच्याच दाढीवर मुततो, दिवसभर शेळ्यांमागे फिरतो आणि वाळतो. दुधाच्या शेळ्यांजवळ असला तर दुधालाही वास लागतो. त्याहून मोठे नुकसान लहान पाटींचे. पाच-सहा महिन्यांची पाट गाभण राहू शकते. मग तिची वाढ खुंटते आणि वेताला अडते. म्हणून नर करडे तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी काढावीत.

पैदाशीचा बोकड हा निराळाच धंदा. वीस ते तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची गट योजनाही १० शेळ्या व १ बोकड अशी आहे. ज्याच्याकडे दोन-तीनच शेळ्या आहेत त्याने स्वतःचा बोकड पोसण्यापेक्षा मोहल्ल्यातील सात-आठ घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवावा. त्याला वीस-पंचवीस चौरस फुटांची वेगळी जागा द्यावी आणि सोबतीला एक खस्सी. शेळ्या नजरेआड असलेल्याच बऱ्या. काही आठवडे दूर ठेवलेला बोकड अचानक शेळ्यांजवळ आणला की बऱ्याच शेळ्या आठवड्याभरात माजावर येतात, हा अनुभव जुने लोक सांगतात आणि शास्त्रही तेच सांगते. दर दोन वर्षांनी बोकड बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच पाटी भरू लागतो. बारामतीचा बोकड इंदापूरला आणि इंदापूरचा बारामतीला, अशी अदलाबदल व्हायला हरकत नाही, रस्ता तास-दीड तासाचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात या भागात आणलेल्या बोअर जातीच्या बोकडाचे आकर्षण अनेकांना असते. त्याचे वजन मोठे, पण तो पहिलारू, लहान चणीच्या पाटीला लावू नये.

मेंढीची सोबत चालते. आपल्याकडील धनगरांच्या कळपात मेंढरांबरोबर चार शेळ्या असतातच. मात्र मेंढा नको. बोकड टक्कर देताना मागच्या पायांवर उभा राहतो, मेंढा सरळ धावत येतो. बोकड वर असतानाच मेंढ्याची धडक त्याच्या बरगडीत बसते. आणखी एक, शेळीचे खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. त्यातील तांब्याचे प्रमाण शेळीला लागते, मेंढीला ते विषासारखे होते.

दोन बोकड म्हणजे दुप्पट भांडवल, हे आम्हाला मान्य आहे. ते नसेल तर शेजाऱ्याबरोबर भागीदारी करावी. दोघांचे एकेक करडू एकाच गोठ्यात, वैरण निम्मी निम्मी, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस एकाच फेरीत. ईदपर्यंत कुणाचा कोणता हे ठरलेले असावे, कानाला खूण नको, गळ्यात दोरी वेगळ्या रंगाची पुरे.

आणि ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी चांद्र महिन्यांचा हिशेब ठेवावा. शेळी सुमारे १५० दिवसांनी विते. रजबच्या चांदापर्यंत फळलेली शेळी जिल्हजच्या पहिल्या दोन-चार दिवसांत विते आणि ते करडू पुढल्या ईदला पुरे एक वर्षाचे भरते. रजब उलटला तर करडू ईदनंतरच येणार आणि त्याला दुसऱ्या ईदपर्यंत पोसावे लागणार.