प्रायोजित कार्य-व्हिसा आणि जोडव्यवसाय : मालकी व श्रम यांतील भेद

प्रस्तावना :
मराठवाड्यातील अभियांत्रिकी पदवीधर नोकरीनिमित्त अमेरिकेत जाणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. नांदेड येथील १९८१ मध्ये स्थापन झालेल्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेचे वा लातूरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी तेथे स्थिरावल्यावर पगारास एखाद्या व्यवसायाची जोड देऊ इच्छितात. त्यास कायदा कितपत अनुमती देतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्हिसाचे स्वरूप :
अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून 'एच-१बी' हा वर्ग निर्माण झाला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून तेथील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. अर्ज नोकरी देणारी कंपनी करते. त्यामुळे मिळणारी परवानगी ही केवळ त्या कंपनीतील त्या कामापुरती असते.

मालकी आणि श्रम :
कायद्याचा कटाक्ष उत्पन्नावर नसून श्रमावर आहे. शेअर्सवरील लाभांश, घरभाडे, वडिलोपार्जित शेतीतील वाटा अथवा लातूरच्या दालमिलमधील भांडवली भागीदारी यांस सामान्यतः बाध येत नाही. मात्र त्याच व्यक्तीने अमेरिकेत बसून दालमिलचे दैनंदिन व्यवहार पाहणे, किंवा लातूरच्या शिकवणी वर्गासाठी ऑनलाइन तासिका घेणे, हे विनापरवाना काम ठरू शकते. मोबदला रुपयांत मिळाला वा भावाच्या खात्यात जमा झाला, म्हणून कामाचे स्वरूप बदलत नाही.

येथे प्राध्यापकवर्गास परिचित तुलना उद्बोधक ठरेल. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास खासगी व्यवसायासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे मंजुरी देणारा नियोक्ताच असतो. व्हिसाधारकाच्या बाबतीत मात्र कंपनीचे 'ना हरकत' पुरेसे नाही. कारण परवानगी देणारे अमेरिकी शासन आहे.

वैध मार्ग :
१) दुसऱ्या कंपनीने स्वतंत्र अर्ज करून अर्धवेळ काम देणे.
२) स्वतःच्या कंपनीमार्फत अर्ज करणे. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने बहुसंख्य मालकी असणाऱ्यांसही हा मार्ग स्पष्ट केला. मात्र अशी पहिली मंजुरी जास्तीत जास्त १८ महिन्यांची असते.
३) २६ मे २०१५ पासून ग्रीन कार्डच्या ठराविक टप्प्यावर पोचलेल्या एच-१बी धारकांच्या पती वा पत्नीस कामाचा परवाना मिळू शकतो व त्यावर व्यवसायही करता येतो. तथापि पत्नीच्या नावे पतीने काम करणे हे उल्लंघनच होय.

परिणाम :
एच-१बीची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची असते. पण ग्रीन कार्डच्या वाटपात प्रत्येक देशास सुमारे ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांना दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागते. तोवर मुदतवाढीवर राहता येते. या प्रतीक्षेतच जोडव्यवसायाची ओढ वाढते. परंतु विनापरवाना काम उघड झाल्यास मुदतवाढ नाकारली जाऊ शकते, आणि शेवटच्या वैध प्रवेशानंतर असे उल्लंघन एकूण १८० दिवसांहून अधिक झाल्यास तेथे राहून ग्रीन कार्ड मिळविण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो. वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेचे फळ किरकोळ मिळकतीपायी हातचे जाते.

समारोप :
भांडवल गुंतविण्यास वाव आहे, हात गुंतविण्यास परवाना हवा, हे या विषयाचे सार होय. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी परदेशी नोकरीच्या मार्गदर्शनात या भेदाचा समावेश करावा, आणि प्रत्यक्ष व्यवसायापूर्वी अधिकृत वकिलाचा सल्ला घेण्यास विद्यार्थ्यांना सांगावे.