मोरोक्कोला प्रथमच जाताना...

फेझ शहरातील बाब बू जलूद या निळ्या दरवाजातून आत शिरले, की थोड्याच वेळात नवखा प्रवासी दिशा हरवतो. हजारो अरुंद गल्ल्या, त्यांत मोटारींना मज्जाव आणि मालाची ने-आण खेचरांच्या पाठीवरून! मागून 'बालाक, बालाक' अशी आरोळी येते. 'बाजूला व्हा' असा तिचा अर्थ. ती कानी पडताच भिंतीला चिकटून उभे राहावे, हा या देशातील प्रवासाचा पहिला धडा होय. १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली ही 'मदिना', म्हणजे तटबंदीच्या आतील जुने शहर, मोरोक्कोचे खरे वैभव आहे. मात्र येथेच काही पर्यटक फसवले जातात, तर काही जण फसवणुकीच्या धास्तीने साध्या आतिथ्यालाही पारखे होतात. थोड्या पूर्वतयारीने हे दोन्ही टाळता येते.

निघण्यापूर्वी

भारतीय नागरिकांना मोरोक्कोचा व्हिसा आवश्यक आहे. २०२२ पासून ई-व्हिसाची सोय झाली असली, तरी त्यासाठीची पात्रता मोरोक्को सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ प्रवासास उत्तम. उन्हाळ्यात माराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो. रमजानच्या महिन्यात दिवसा बरीच उपाहारगृहे बंद असतात, हेही ध्यानात घ्यावे.

दिरहॅम हे चलन देशाबाहेर सहसा मिळत नाही. त्यामुळे युरो अथवा डॉलर सोबत नेऊन ते विमानतळावर किंवा बँकेत बदलावेत आणि पावती जपून ठेवावी. परतताना उरलेले दिरहॅम बदलण्यासाठी ती लागते. सुट्या नाण्यांचा साठा मात्र सतत जवळ हवा.

प्रवासाची साधने

रेल्वे स्वच्छ आणि भरवशाची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली 'अल बुराक' ही अतिजलद गाडी टँजियर ते कॅसाब्लांका हे अंतर सव्वादोन तासांच्या आत कापते. शहरांतर्गत प्रवासासाठी 'पेटिट टॅक्सी' असते. तिचा रंग शहरागणिक बदलतो. कॅसाब्लांकात लाल, तर रबातमध्ये निळा. तीत तीनच प्रवासी बसू शकतात. मीटर सुरू करण्यास चालक तयार नसेल, तर भाडे आधी ठरवावे किंवा दुसरी टॅक्सी पाहावी. गावोगावी जाणारी 'ग्रँड टॅक्सी' आपल्याकडील वडापसारखी, माणशी भाडे घेऊन भरली की निघणारी.

'माराकेशहून एका दिवसात वाळवंट' अशा जाहिराती जागोजागी दिसतात. ही सहल बहुधा जवळच्या अगाफाय या खडकाळ माळरानाची असते. सहाराच्या वाळूच्या टेकड्या मेर्झूगा येथे आहेत आणि तेथवरचा घाटरस्ता नऊ ते दहा तासांचा. त्यासाठी किमान तीन दिवस राखून ठेवावेत आणि रात्रीच्या थंडीसाठी स्वेटरही न्यावा.

न मागितलेली मदत

'हा रस्ता बंद आहे, चला, मी दाखवतो' असे सांगणारा तरुण मदिनेत हमखास भेटतो. रस्ता बहुधा बंद नसतो. शेवटी मात्र पैशांची मागणी होते. हसून 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणावे आणि चालत राहावे. वाट विचारायचीच झाली, तर ती दुकानात बसलेल्या व्यापाऱ्याला विचारावी. फेझमध्ये पूर्ण दिवस घालवायचा असेल, तर ओळखपत्र असलेला अधिकृत मार्गदर्शक ठरवणे श्रेयस्कर.

माराकेशच्या जेमा अल फना चौकात गारुडी आणि माकडवाले छायाचित्राचे पैसे मागतात. कॅमेरा काढण्यापूर्वीच रक्कम ठरवावी. मेंदी काढणाऱ्या स्त्रीने हात धरण्यापूर्वीच नकार द्यावा. पोलिस आणि लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेऊ नयेत. देशात ड्रोन नेण्यासही परवानगी नाही. पोलिसांसाठी १९ आणि रुग्णवाहिकेसाठी १५ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

बाजारात घासाघीस हा व्यवहाराचाच भाग आहे, भांडण नव्हे. आपल्याला वस्तू केवढ्याला परवडते, हे मनाशी ठरवून बोलणी सुरू करावीत. एकदा सांगितलेली किंमत दुकानदाराने मान्य केल्यावर माघार घेणे असभ्य समजले जाते.

शाकाहारींसाठी

भाज्यांचे 'ताजीन' शाकाहारी दिसले, तरी त्यात मांसाचा रस्सा असू शकतो. 'हरिरा' या सुपाचेही तेच. त्यामुळे आधी विचारून घ्यावे. सुक्या बाकल्याचे दाट सूप 'बिसारा' आणि वांग्याचे 'झालूक' हे पदार्थ मराठी जिभेला परके वाटत नाहीत. एक आमटीच्या, तर दुसरा भरताच्या जातकुळीचा. सोबत गरम 'खोब्झ' (पाव) असला, की जेवण पुरेसे होते.

बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. कॅसाब्लांकातील हसन दुसरे मशीद हा ठळक अपवाद असून, तेथे ठरावीक वेळी मार्गदर्शकासह आत जाता येते. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख सर्वत्र सोयीचा ठरतो.

आणि एखाद्या घरी पुदिन्याचा गोड चहा समोर आला, तर तो आवर्जून घ्यावा. सावधगिरी रस्त्यावर असावी; उंबरठ्याच्या आत तिची फारशी गरज पडत नाही.