चेंडूचा विटाळ नव्हता, चहाच्या पेल्याचा होता!

(सीबीडी बेलापूर)

जगज्जेता मुष्टियोद्धा मुहम्मद अली आपल्या मुलांना ठाऊक असतो. त्याच्या कितीतरी आधी, १९०८ साली, जॅक जॉन्सन हा पहिला काळा माणूस हेवीवेट विजेता झाला. त्याचे आईबाप गुलामीत जन्मलेले होते. मात्र त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक अस्पृश्य माणूस क्रिकेटच्या मैदानावर भल्याभल्यांची दांडी उडवीत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीला, म्हणून मुले पुण्याच्या छावणीत वाढली. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात होती. पगार महिना ३ रुपये आणि काम खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. तिथे साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करावी लागे. फलंदाजी मात्र कोणी करू दिली नाही. बॅट साहेबाच्या हाती, घाम बाळूंचा! पण त्या घामातूनच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

साहेबांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या लक्षात आले. अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि शेवटी घेतले. मैदानावर उच्चवर्णीय खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंना क्लबाच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. वाचकहो, विचार करा, चेंडूचा विटाळ होत नव्हता, पेल्याचा होत होता! न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा आपल्या लोकांना सुनावले होते की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हवे.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदूंच्या संघातून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढा खेळाडू, पण कर्णधारपद? ते कधीच मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले की, हा मान खरे तर बाळूंचा होता. पै यांचा हा मोठेपणा मान्यच केला पाहिजे. तरीही निवड करणाऱ्यांचे डोळे उघडले नाहीत. १९२० साली तर बाळूंनाच संघातून वगळले आणि कर्णधारपदासाठी धाकट्या विठ्ठलचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघ सोडला. अन्यायाविरुद्ध खेळाडूंनी पुकारलेले हे बंडच होते! अखेर तडजोड झाली, भाऊ परत आले आणि अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले ते धाकट्याने मिळवले. तेही कोणाच्या दयेने नव्हे, मागून आणि भांडून.

तिकडे जॉन्सनचे काय झाले? ४ जुलै १९१० रोजी त्याने जेफ्रीज या गोऱ्या माजी विजेत्याला हरवले, तेव्हा अमेरिकेत गोऱ्यांनी दंगली केल्या. १९१३ साली त्याला खटल्यात अडकवून दोषी ठरवले. त्याला देश सोडून जावे लागले आणि परत आल्यावर तुरुंगवास भोगावा लागला. त्याच्यानंतर दुसरा काळा हेवीवेट विजेता, जो लुई, व्हायला १९३७ साल उजाडले. जॉन्सनची ती शिक्षा अमेरिकेच्या सरकारने माफ केली २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी!

आता थोडी अवघड गोष्ट. ज्या १९३७ साली जो लुई विजेता झाला, त्याच साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने बाळूंना उभे केले. बाबासाहेब १३,२४५ मते मिळवून निवडून आले. बाळूंना ११,२२५ मते पडली. त्याआधी १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होते. म्हणूनच आपल्या वस्त्यांत त्यांचे नाव फारसे घेतले गेले नाही.

ते विसरू नये, पण त्यातून शिकावे. क्रिकेटने बाळूंना संघात जागा दिली, टाळ्या दिल्या. उच्चवर्णीयांची मने हळूहळू बदलतील, असा भरवसा त्यांना वाटला असावा. बाबासाहेबांनी मात्र ओळखले होते की, एका गुणी माणसाला बाजूला घेऊन पाठ थोपटली म्हणजे जात जात नाही. ज्याला बाळूंसारखी फिरकी टाकता येत नाही, त्या साध्या माणसालाही पाणी, शाळा आणि मान मिळाला पाहिजे. हक्क गुणवंताचाच नव्हे, माणसाचा असतो. इथे बाबासाहेबांची वाट बरोबर होती. पण म्हणून बाळूंचे कर्तृत्व खोटे ठरत नाही. मातीच्या पेल्यातला तो चहा ज्यांनी गिळला, त्यांचे दुःख आपलेच आहे.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.

आईवडिलांनो, बेलापूरच्या मैदानांवर आपली मुले रविवारी क्रिकेट खेळतात. त्यांना सचिन सांगता, अली सांगता, तसे बाळूही सांगा. त्यांचे ११४ बळी सांगा, तो पेलाही सांगा आणि १९२० साली भावांनी केलेले बंडही सांगा. मुलगी खेळत असेल तर तिलाही सांगा. खेळात नाव काढा म्हणावे, पण अभ्यास सोडू नका. आणि संघात कोणाला वेगळा पेला मिळत असेल, तर त्याच्या बाजूने आधी तुम्ही उभे राहा.